सव्वादोन सेकंद

पहिल्याच दिवशी रंगाऱ्याने भिंत खरवडली, तिच्यावरून ओला फडका फिरवला आणि मध्येच हात थांबवून विचारलं, “बाई, पाण्याला तर रंग नसतो. मग भिंत ओली झाली की काळपट का दिसते?”

बाई खुर्चीत पेपर वाचत बसल्या होत्या. एकतीस वर्षं त्यांनी शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं होतं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि या दोन वर्षांत त्यांना कुणी प्रश्न विचारला असेल तर लेकीने, तोही फोनवर, “गोळ्या घेतल्यास का?” आणि “गॅस बंद केलास का?” त्यांनी पेपरची घडी केली.

“कोरड्या भिंतीला बारीक बारीक भोकं असतात,” त्या म्हणाल्या. “त्यांत हवा असते. उजेड आला की तिथल्या तिथे विखुरतो आणि बराचसा आपल्या डोळ्यांकडे परत येतो. हवेच्या जागी पाणी शिरलं की उजेड आत आत घसरत जातो आणि तिकडेच जिरतो. परत येतो तो कमी.”

रंगाऱ्याने ओल्या डागावर बोट ठेवलं. “म्हणजे उजेड आत जाऊन वाट चुकतो.”

“अगदी! वर्गात हे इतक्या पटकन कुणाला कळलं नव्हतं.”

तो लाजला नाही की हसला नाही. ‘हं’ म्हणाला आणि दुसऱ्या भिंतीकडे गेला. पहिली अजून अर्धीच झाली होती.

त्याचं सगळं कामच असं चाललं होतं. चाळिशीचा, काटकुळा माणूस. पाय एका जागी ठरत नसत. इथे पुट्टी भर, तिथे पॉलिश पेपर मार, मध्येच खिडकीशी जाऊन खाली डोकाव, पुन्हा आतल्या खोलीत. बघणाऱ्याला वाटावं, हा घराचा विचका करणार. संध्याकाळी मात्र कडा दोरी लावल्यासारख्या सरळ असत. रंगाच्या दुकानदारानेच त्याला पाठवलं होतं. “हात सोन्याचा आहे,” दुकानदार म्हणाला होता, “फक्त हल्ली उंचावरचं काम घेत नाही.” दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांना उंची कसली लागायची, म्हणून बाईंनी त्यावर जास्त काही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो काटकोन तपासायचा गुण्या हातात घेऊन कोपऱ्यात उकिडवा बसला होता. “बाई, वीस वर्षांत मला एक खोली धड चौकोनी मिळाली नाही. एक कोपरा जरा उघडलेला असला की दुसरा कुठलातरी आवळलेला सापडतोच. गवंडी काय आपसात ठरवून करतात?”

बाई मनापासून हसल्या. त्यांनी कागदाचा एक वेडावाकडा चौकोन कापला, त्याचे चारही कोपरे फाडले आणि टोकाला टोक लावून जमिनीवर मांडले. मध्ये जराही फट न राहता पूर्ण फेरा झाला. रंगाऱ्याने कात्री मागून घेतली. त्याने आणखी चार चौकोन कापले, प्रत्येक आधीच्यापेक्षा वाकडा, आणि प्रत्येकाचे कोपरे जुळवून बघितले. दर वेळी पूर्ण फेरा.

“चौघांची बेरीज ठरलेली असते,” बाई म्हणाल्या. “एकाने जास्त घेतलं की दुसऱ्याला कमी घ्यावंच लागतं.”

“आणि भिंती पाच असल्या तर?”

बाईंनी टाळी वाजवली. वर्गात हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून त्यांनी एकतीस वर्षं वाट पाहिली होती. त्या संध्याकाळी त्यांनी लेकीला आपणहून फोन लावला आणि तिला विचारायची संधी न देता दहा मिनिटं रंगाऱ्याबद्दल बोलत राहिल्या.

चौथ्या दिवशी प्रश्नांनी वळण घेतलं. बाईंच्या ते ध्यानात आलं नाही.

“भरलेला डबा आणि रिकामा डबा वरून एकदम सोडले,” रंगारी रोलर फिरवता फिरवता म्हणाला, “तर आधी कुठला खाली पोचेल?”

“तुम्हाला काय वाटतं?”

“भरलेला.”

“सगळ्यांना तसंच वाटतं.” बाईंनी पलंगावरची गादी ओढून जमिनीवर टाकली. एकसारख्या आकाराचे दोन डबे घेतले, एकात पुट्टीची पावडर गच्च भरली, दुसरा रिकामा ठेवला, दोन्हींची झाकणं लावली. तो नको नको म्हणत असताना त्या खुर्चीवर चढल्या आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन डबे सोडले.

धप्प. एकच आवाज झाला.

“परत,” रंगारी म्हणाला.

बाईंनी परत सोडले. मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, पाचव्यांदा. तो गुडघ्यांवर बसून गादीला कान लावल्यासारखा ऐकत होता. बाईंचे खांदे दुखायला लागले तेव्हा त्या खाली उतरल्या.

“म्हणजे डबा अर्धा रिकामा असता तरी वेळ तेवढाच लागला असता,” तो हळू म्हणाला.

“तेवढाच. वजनाचा इथे काही संबंध नाही. हवा थोडी लुडबूड करते, पण ती सोडून द्या. उंची किती, एवढंच विचारायचं.”

“आठवा मजला.”

बाईंनी पेपरच्या समासात पेन्सिलीने आकडे मांडले. पंचवीस मीटर धरले, दुप्पट केली, भागलं, वर्गमूळ काढलं. “सव्वादोन सेकंद.”

“आणि वरच्या माणसाने खालच्याला हाक मारली तर?”

“हाकेचं काय घेऊन बसलात! सेकंदाचा चौदावा हिस्सासुद्धा पुरे तिला. ती डब्याच्या कितीतरी आधी पोचणार.” बाई रंगात आल्या होत्या. त्यांनी हवेत बोट नाचवत मोजून दाखवलं. “उरले जवळजवळ दोन सेकंद. एक... आणि दोन. बघा केवढा वेळ आहे! खालचा माणूस आरामात चार पावलं बाजूला जाईल. फक्त वरच्याने वेळेवर ओरडायला हवं.”

रंगारी उठून उभा राहिला. रोलर त्याने ट्रेमध्ये ठेवला. “आलोच,” म्हणाला आणि जिना उतरून गेला.

तो आला नाही. संध्याकाळ झाली, ट्रेमधल्या रंगावर साय धरली. चहाचा घोट घ्यायच्या आधीसुद्धा ब्रश धुऊन ठेवणारा माणूस, तो ओला रोलर असा टाकून कसा गेला? बाईंनी त्यावर ओलं फडकं घातलं. दुसऱ्या दिवशी रोलर काठीसारखा कडक झाला होता आणि रंगाऱ्याचा फोन बंद होता.

बाईंनी पेपर उचलला. समासातलं गणित त्यांच्याच अक्षरात होतं. उत्तर बघून मूळ उदाहरण काय असेल ते ओळखायची त्यांना जन्माची सवय. भरलेला डबा. अर्धा रिकामा असता तर. आठवा मजला. हाक. आठवा मजला कुणी असाच विचारत नाही. लोक दहावा म्हणतात, शंभरावा म्हणतात. त्यांनी पायांत चपला सरकवल्या आणि रंगाचं दुकान गाठलं.

“तुम्हाला बोलला नाही तो?” दुकानदार चमच्याने रंगाच्या डब्याचं झाकण उचकटत म्हणाला. “दोन महिने होऊन गेले. मोठ्या इमारतीचं बाहेरचं काम होतं. हा वर झुल्यावर. दोरांना टांगलेली ती लोखंडी फळी असते ना, तिच्यावर. डबा निसटला. खाली त्याचाच मेहुणा होता, सख्ख्या बहिणीचा नवरा.”

“गेले?”

“नाही हो, वाचला. खांद्याचा चुरा झाला. उजवा हात उचलत नाही आता. तोही रंगारीच. यानेच... म्हणजे मेहुण्यानेच याला काम शिकवलं होतं.”

घरी येताना बाईंना रस्ता कसा सरला कळलं नाही. ‘आरामात’ हा एकच शब्द डोक्यात आपटत होता. आरामात चार पावलं! हवेत बोट नाचवून म्हणाल्या होत्या त्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी रंगारी आपलं सामान न्यायला आला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. तो काही बोलायच्या आत बाई दारातच म्हणाल्या, “माझी चूक झाली.”

त्याने झटकन मान वर केली. “हिशोब चुकला?”

त्याच्या आवाजातली आशा बाईंनी ऐकली. क्षणभर वाटलं, हो म्हणून टाकावं. “हिशोब बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “बोलणं चुकलं. दुकानात जाऊन आले मी. आत या.”

तो रंगाच्या पालथ्या ड्रमवर बसला. बाईंनी चहा ठेवला. चहा तसाच राहिला.

“ताईचं लग्न झालं तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो,” तो म्हणाला. “नुसता उंडारायचो. दाजींनी एक दिवस हातात ब्रश दिला आणि म्हणाले, ही चौकट रंगव, काचेवर ठिपका पडला तर जेवण बंद. तेव्हापासून बरोबर आहोत. त्या दिवशी मी वर होतो, ते खाली रंग मिसळत होते. डबा फळीच्या कडेला होता. माझं कोपर लागलं. डबा कलला.” त्याने उजवा हात पुढे केला आणि तो हात तसाच हवेत राहिला. “मी आधी डब्याला हात घातला, बाई. दाजी खाली आहेत हे ठाऊक होतं मला. तरी आधी डबा धरायला गेलो. बोटं कडीला लागलीसुद्धा. मग ओरडलो.”

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं. ती तीनदा खोकून बंद पडली.

“मला तेवढंच पाहिजे,” रंगारी म्हणाला. “तुमचे सव्वादोन सेकंद आहेत. त्यातले मी किती खाल्ले?”

तुमचा काही दोष नाही, असं म्हणणं सोपं होतं. पण कुणाची दया आली म्हणून बाईंनी आयुष्यात कधी मार्क वाढवले नव्हते, आणि समोरचा माणूस दिलासा मागत नव्हता. तो आकडा मागत होता.

“मोजू या,” त्या म्हणाल्या.

त्यांनी स्टुलाच्या कडेला रिकामा डबा ठेवला, खाली गादी टाकली, फोनवर सेकंदांचं घड्याळ लावलं. रंगारी स्टुलाशेजारी पाठमोरा उभा राहिला, त्या दिवशी होता तसा. बाई चमच्याने डब्याला धक्का द्यायच्या. तो वळायचा, कडीवर झडप घालायचा आणि ओरडायचा, “दाजी!”

बाईंनी पेपरच्या दुसऱ्या पानावर आकडे लिहायला घेतले. पहिल्या वेळी सेकंदाचे चार दशांश. मग नऊ दशांश. मग तीन. पाच. पुन्हा नऊ. आठव्या वेळी डबा त्याच्या हातातच आला आणि तो इतका चिडला की त्याने तो स्वतःच गादीवर आपटला. “परत!” पंधराव्या वेळी त्याचा आवाज बसला. विसाव्या वेळी शेजारच्या काकूंनी दार उघडून विचारलं, “हे दाजी कोण? येत का नाहीत ते इतक्या वेळा बोलावून?”

“येतील येतील,” म्हणत बाईंनी दार लोटलं.

रंगारी घामाने निथळत होता. “झालं? किती धरायचं?”

बाईंनी चष्मा काढला. “काहीच धरता येत नाही.”

“एवढं मोजून?”

“तुम्हाला आता माहीत आहे, डबा पडणार आहे. त्या दिवशी नव्हतं. दोनदा तर मी धक्का द्यायच्या आधीच तुम्ही ओरडलात. ज्याला माहीत आहे तो अर्ध्या सेकंदात हलतो, ज्याला नाही त्याला एक सेकंदही लागतो, दीडही लागतो. तो दिवस या खोलीत परत आणता येणार नाही मला.”

“अंदाजाने सांगा.”

“नाही. मी अंदाज सांगेन आणि तुम्ही तो जन्मभर खरा धरून बसाल.”

तो येरझाऱ्या घालू लागला. दार ते खिडकी, खिडकी ते दार. गादीवर पाय पडला तरी त्याला समजलं नाही. बाईही उठून उभ्या राहिल्या. उत्तर नाही असं उदाहरण फळ्यावर अर्धवट सोडून त्या कधी वर्गाबाहेर पडल्या नव्हत्या, आणि आता त्यांनाही बसवेना.

“हाकेला दोन टोकं असतात,” त्या शेवटी म्हणाल्या. “आपण सकाळपासून एकच टोक मोजतोय. दुसऱ्या टोकाला काय झालं? ते काय म्हणतात?”

रंगारी खिडकीशी थांबला.

“विचारलं नाहीत?”

“दवाखान्यात तीन दिवस बाहेर बाकावर बसून होतो. शुद्धीवर आले असं नर्सने सांगितलं आणि मी निघून आलो. त्यानंतर गेलो नाही. ताईचे फोन येतात. घेत नाही.” त्याने काचेवरचा रंगाचा एक ठिपका नखाने खरवडला. “काय तोंड घेऊन जाऊ?”

“प्रश्न घेऊन जा,” बाई म्हणाल्या. “ते तर तुम्हाला उत्तम जमतं.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तो बहिणीच्या दारात उभा होता. तीन मजली इमारत, घर पहिल्या मजल्यावर. बेल वाजवून तो दोन पायऱ्या खाली उतरला, मग पुन्हा चढला. ताईने दार उघडलं. भावाला नखशिखांत न्याहाळलं.

“कोण पाहिजे?” ती म्हणाली.

“ताई...”

“या घरात तुमच्या ओळखीचं कुणी राहतं?”

आतून दाजींचा आवाज आला. “कोण गं? बारक्या आहे का? ये रे, ये आत.”

भर दुपारी खोलीत दिवा लावला होता. खिडक्या बंद, पडदे ओढलेले. दाजी कॉटवर बसले होते. उजवा हात मांडीवर परक्या वस्तूसारखा पडला होता आणि त्या मुठीत रबराचा लहान चेंडू होता. डाव्या हाताने ते उजवी बोटं त्या चेंडूवर एकेक करून दाबत होते.

“वाळलास की रे,” दाजी म्हणाले. “बस.”

तो बसला नाही. येताना बसमध्ये त्याने बरंच काही जुळवलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवेना. “दाजी, माझी हाक तुम्हाला कधी ऐकू आली?”

“कसली हाक?”

“त्या दिवशी. डबा सुटल्यावर मी ओरडलो होतो. ‘दाजी’ म्हणून.”

दाजींनी ताईकडे बघितलं. ताईने खांदे उडवले.

“अरे, खाली पाण्याचा टँकर नव्हता का लागला?” दाजी म्हणाले. “त्याचा पंप धडधडत होता. मला माझा खोकला ऐकू येत नव्हता, तुझी हाक कुठून येणार?”

“काहीच नाही?”

“काही म्हणजे काही नाही.”

“मग तुम्ही बाजूला कसे झालात? तो डबा सरळ डोक्यावर यायचा. खांद्यावर कसा आला?”

“टँकरची नळी गळत होती. बुटात पाणी गेलं. बूट झटकायला म्हणून एक पाऊल मागे आलो.” दाजी हसले, मग खांद्यात कळ आली म्हणून ओठ आवळले. “डॉक्टरही हेच विचारत होते. त्यांना म्हटलं, बूट फाटका होता, म्हणून वाचलो.”

रंगाऱ्याला पायाखालची पायरी निसटल्यासारखं झालं. नऊ आठवडे तो त्या सव्वादोन सेकंदांचे तुकडे करत होता. अर्धा माझा, पाव माझा, एक माझा. आणि तो वर झडप घालत होता, ओरडत होता, तेव्हा खाली एक माणूस आपला ओला बूट झटकत होता. हाक लवकर मारली असती तरी, उशिरा मारली असती तरी, पंपाच्या आवाजात ती विरघळून गेली असती. मन हलकं व्हायला हवं होतं. तसं झालं नाही. हातात घट्ट धरलेलं काहीतरी एकदम काढून घेतल्यासारखं वाटलं, आणि त्या रिकाम्या हातांचं काय करायचं ते कळेना.

“मी आधी डबा धरायला गेलो होतो,” तो तरीही म्हणाला. हे बोलल्यावाचून त्याला तिथून जाता आलं नसतं.

“मग?” ताई स्वयंपाकघराच्या दारातून गरजली. “डबा पडायला लागला तर माणूस डबाच धरणार! दुसरं काय धरणार, आभाळ? तुला काय वाटलं, मी त्यावरून रागावलेय?” तिने हातातला पेला ओट्यावर आपटला. “नऊ आठवडे! यांना आंघोळ घालायची मी, औषधं आणायची मी, घास भरवायची मी. आणि तुझा फोन वाजून वाजून बंद होतोय. एकाचा खांदा गेला, आता भावाने स्वतःचं काही बरंवाईट केलं की काय, या भीतीने माझा जीव अर्धा झाला. माणसं पाठवली मी तुझ्या खोलीवर. कुलूप!”

रंगारी उभ्या जागी रडायला लागला. दाजी म्हणाले, “अगं, बस कर,” आणि ताई म्हणाली, “तुम्ही मध्ये पडू नका,” आणि मग तीही डोळ्यांना पदर लावून आत गेली. बराच वेळ आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. मग तिने दोघांपुढे पानं वाढली. रंगाऱ्याने दाजींना भरवायला घास उचलला तर दाजींनी त्याचा हात बाजूला सारून डाव्या हाताने चमचा धरला. “तुझ्यासमोर तरी जरा जमतंय असं दाखवू दे,” ते म्हणाले.

जेवण झाल्यावर रंगारी सवयीने खिडकीशी गेला आणि त्याने पडदा सारला.

“नको,” दाजी ताडकन म्हणाले.

ताईने भावाला खुणेने जवळ बोलावलं. “बाहेर पडत नाहीत,” ती खालच्या आवाजात म्हणाली. “दवाखान्यात जायचं तर गाडी पार दाराशी लावून घ्यावी लागते. उघड्यावर पाऊल टाकलं की मान वर. वर बघत चालतात, ठेचकाळतात. दोनदा पडता पडता वाचले.”

“मला ऐकू येतंय,” दाजी कॉटवरून म्हणाले. “वीस-पंचवीस वर्षं इमारती बघतच काढली. मान वर जायची सवय आहे.” पण त्यांचा चेहरा उतरला होता.

रंगाऱ्याने त्यांच्या चपला शोधून पायांपाशी ठेवल्या. “चला, दाजी. कोपऱ्यापर्यंत.”

“आज नको.”

“मी आहे ना.”

“मागच्या वेळीही तूच होतास,” दाजी म्हणाले. आणि मग त्यांनाच हसू फुटलं. ताईने तोंडावर हात धरला. रंगाऱ्याला हसावं की मरावं कळेना. त्याने वाकून दाजींच्या पायांत चपला चढवल्या.

इमारतीच्या दाराशी दाजी थबकले. डाव्या हाताने त्यांनी रंगाऱ्याचं कोपर आवळलं आणि मान वर केली. वर सज्जे होते, सज्ज्यांच्या कठड्यांवर कुंड्या, वाळत घातलेल्या चादरी, गंजलेल्या पट्ट्यांवर टेकवलेले एसीचे खोके. रंगाऱ्याने तेच सगळं पूर्वी हजारदा बघितलं होतं. आज त्याला फक्त सुटणाऱ्या गोष्टी दिसत होत्या.

“बारक्या, इथे वरून काही सुटलं तर किती वेळ असतो रे?”

ताई मागे जिन्यात उभी होती. तिने डोळे वटारले.

पुष्कळ असतो, असं म्हणता आलं असतं. आरामात, असंही. रंगाऱ्याने इमारतीची उंची नजरेने मोजली. तीन मजले आणि गच्चीचा कठडा, दहा मीटर. बाईंनी आकडे मांडताना त्याने नीट बघितलं होतं.

“दीड सेकंदही नाही,” तो म्हणाला.

“आणि मी बघत असलो तर? आधीपासून, असा?”

रंगाऱ्याला कालची खोली आठवली, विसाव्या वेळचा घाम आठवला. “तरी नाही, दाजी. आपल्यावरच येतंय हे कळायला वेळ लागतो. मग कुठे जायचं ते ठरवायला. मग पाय उचलायला. मी मोजलंय. कळेपर्यंत ते खाली आलेलं असतं.”

“काय बोलतोयस तू!” ताई ओरडली. “धीर द्यायला आलास की...”

दाजींनी चेंडू धरलेली मूठ तिच्या दिशेने जरा हलवली. वरच्या कुंड्यांवर त्यांची नजर अजून खिळली होती, पण कपाळावर एक वेगळी आठी उमटली होती. रंग किती लागेल याचा अंदाज बांधताना उमटायची तशी.

“म्हणजे बघून उपयोग नाही.”

“फारसा नाही.”

“आणि बघत चाललो की पायाखालचं दिसत नाही. ते मात्र रोज लागतं.”

“हो.”

“मग मान कशाला मोडून घेतोय मी?” दाजी स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. मान हळूहळू खाली आली. त्यांनी समोरचा रस्ता बघितला, कडेचा खड्डा बघितला, उंबऱ्याची पायरी बघितली आणि ती उतरले.

पहिली इमारत त्यांनी जवळजवळ धावत ओलांडली. दुसरीपाशी मान पुन्हा वर गेली. दाजींनी शिवी हासडली आणि मान ओढून खाली आणली. तिसरीपाशी वरून कुणीतरी चादर झटकली तर ते भिंतीला चिकटले आणि बराच वेळ तिथून हलेनात. त्यांच्या तळहाताचा घाम रंगाऱ्याच्या बाहीतून आत झिरपत होता. परत जाऊ या का, असं त्याने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा दाजींनी त्याचं कोपर आणखी घट्ट धरलं. मागून ताई येत होती, घरातल्याच चपला घालून, दार तसंच उघडं टाकून.

कोपऱ्यावर गाड्यांची ही गर्दी होती. पलीकडे एका उंच इमारतीचं काम चाललं होतं आणि तिच्या अंगावर, बऱ्याच वर, दोन माणसं झुल्यावर उभी राहून रोलर फिरवत होती. रंगारी बघत राहिला. कडेला ठेवलेला डबा इथून दिसत होता. बांधलाय का? दोरी दिसत नव्हती. त्याचे ओठ आपोआप मजले मोजू लागले.

“कितवा?” दाजींनी विचारलं. ते वर बघत नव्हते.

“अकरावा.”

“जाऊन सांग त्यांना, डबा बांधा म्हणावं.”

“इथून ओरडू?”

“ओरडून काय होतंय? तुला कळलं ना आता?” दाजींनी त्याच्या कोपरावरची पकड सोडली आणि डाव्या हाताने शेजारचा विजेचा खांब धरला. “मी थांबतो इथे. तू जाऊन ये.”

रंगाऱ्याने ताईकडे बघितलं. ती धापा टाकत दाजींच्या शेजारी येऊन उभी राहिली. सिग्नल सुटला तसा तो धावत रस्ता ओलांडून गेला आणि इमारतीच्या फाटकावर मुकादम कुठे आहे म्हणून विचारू लागला.